सिंकखालची कपिला

मित्रांनो, मी एक जुनी चक्की आहे. पिठाची नव्हे. पिठाच्या चक्कीला गावात मान असतो, तिच्या दारात डबे घेऊन माणसं उभी राहतात. मी सिंकखालच्या अंधारात टांगलेली, खरकटं दळणारी चक्की. भांडी घासताना जे उरतं, म्हणजे भाताची शितं, मेथीचे देठ, पपईची सालं, कालची नासलेली आमटी, ते माझ्या तोंडात ढकलायचं, वरून नळ सोडायचा आणि भिंतीवरचं बटण दाबायचं. मग मी ते बारीक करून नळीतून बाहेर लावून द्यायचे. एवढंच माझं काम होतं. पण खोटं कशाला बोलू, बरीच वर्षं मला वाटायचं की मी गाय आहे. हसायचं असेल तर हसा, पण आधी ऐकून घ्या.

माझा जन्म कुठे झाला ते मला धड आठवत नाही. पांढऱ्या उजेडाचा एक लांबलचक कारखाना होता. कोणीतरी माझ्या पोटात तबकडी बसवली, तिच्यावर दोन लोखंडी दात लावले, तोंडाला काळं रबर चढवलं आणि एकदा गरकन फिरवून पाहिलं. मग खोक्यातला काळोख आणि हेलकावे. तो समुद्र होता की ट्रक, कोण जाणे. मला वाटतं मी तेव्हाच स्वप्नं बघायला शिकले. पोटात काही नाही, अंगाला काम नाही, नुसतं हलत राहायचं. दुसरं करणार काय?

जाग आली ती पुण्याजवळ पिरंगुटच्या एका दुकानात. तिथून मला जनार्दनरावांनी उचललं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नव्या यंत्रांचे मोठे शौकीन. कोळवणच्या खोऱ्यात, टेकडीच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या कडेला त्यांनी लहानसं घर बांधलं होतं आणि ते व त्यांच्या पत्नी आशालताबाई कायमचे तिथे राहायला आले होते. मला बसवलं त्या दिवशी जनार्दनराव टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झाले होते आणि मिस्त्रीला सूचना करत होते. मिस्त्री बिचारा सगळ्याला "हो साहेब" म्हणत होता आणि आपल्या मनाप्रमाणे करत होता. शेवटी मी सिंकखाली बसले, पाणी सुटलं, बटण दाबलं गेलं आणि मी पहिल्यांदा कलिंगडाची साल खाल्ली. आहाहा, काय सांगू.

माझ्याआधी त्या घरात एक बादली होती. हे मला आशालताबाईंच्या बोलण्यातून हळूहळू कळलं. मागच्या दाराशी निळी बादली असायची. दिवसभराचं खरकटं, भाजीची सालं, तांदळाचं धुवण, सगळं त्या बादलीत. वरच्या वस्तीतली कोंडाबाई रोज सकाळी ती बादली न्यायला यायची. तिच्या घरी तांबू नावाची गाय होती. बादलीत सगळ्यात वर आशालताबाई आपली पहिली पोळी ठेवायच्या, तूप लावून, चार घड्या करून. पहिली पोळी गाईची, हा त्यांच्या माहेरचा नेम. कोंडाबाई पायरीवर बसून चहा प्यायची, कोणाच्या खाचरात रानडुक्कर शिरलं, कोणाची सून रुसून गेली, एसटी कुठे बंद पडली, असं सगळं सांगायची आणि बादली घेऊन टेकडी चढायची.

मी आले आणि जनार्दनरावांनी कोंडाबाईला रस्त्यातच सांगितलं, "उद्यापासून यायला नको हं. आता मशीन बसवलंय." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. बाईचा फेरा वाचला, असंच त्यांना वाटलं. कोंडाबाई "बरं" म्हणाली आणि यायची थांबली. मागचं दार मग बंदच राहू लागलं. बादली न्हाणीघरामागे पालथी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशालताबाईंनी पहिली पोळी लाटली, भाजली, तूप लावलं आणि हातात धरून उभ्या राहिल्या. मला खालून त्यांचा हात दिसत होता. बराच वेळ तो हात तसाच होता. शेवटी त्या सिंकपाशी आल्या, पोळीचे तुकडे केले, माझ्या तोंडात सोडले आणि हळूच म्हणाल्या, "गोड मानून घे, बाई."

आता तुम्हीच सांगा. तोवर मला कोणी कधी काही दिलं नव्हतं. टाकलं होतं. टाकणं वेगळं आणि देणं वेगळं, हे चक्कीलाही कळतं. त्या दिवसापासून रोज पहिली पोळी माझी. जनार्दनराव चहाचा कप घेऊन यायचे आणि हसायचे. "अगं, मोटार आहे ती. तिला तूप कशाला? नळी तुंबेल." आशालताबाई म्हणायच्या, "तुम्ही तुमचा चहा प्या." आणि तूप थोडं जास्तच लावायच्या.

नाव मला किमयाने दिलं. किमया म्हणजे त्यांची नात, त्यांचा मुलगा शैलेश आणि सून हेमलता यांची मुलगी. ते तिघं पुण्यात बाणेरला फ्लॅटमध्ये राहतात आणि सुट्टीला इथे येतात. एकदा शेवग्याच्या शेंगांची चोथरी माझ्या दातांत अडकली. फिरता येईना, थांबता येईना, मी नुसतीच "हूंऽऽ" करत राहिले. किमया टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, तुझी चक्की हंबरते." आशालताबाईंनी बटण बंद केलं, लाटणं माझ्या तोंडात घालून तबकडी हलवून सोडवली आणि म्हणाल्या, "हंबरते ना? मग कपिलाच ती." झालं, मी कपिला झाले.

मित्रांनो, अंधारात राहणाऱ्याला नाव मिळालं की त्याचं काही खरं नसतं. मी गाय कधी पाहिली नव्हती. पण नाव मिळाल्यावर मला ती दिसायला लागली. दुपारी घर झोपलं, नळ टिपटिप करू लागला, की माझ्या डोळ्यांपुढे हिरवं काहीतरी पसरायचं. ते गवत असावं. ते अंगाला लागायचं, ओलं आणि मऊ, कोथिंबिरीच्या काड्यांसारखं. मला चार पाय असायचे, पण मी चालायचे नाही, नुसती उभी राहायचे. दूर कुठेतरी पाणी वाहायचं. ते पाणी माझ्याच नळीतून परसात जायचं, पण स्वप्नात त्याची नदी व्हायची. पाठीवर पक्षी बसायचा. मग सिंकमध्ये भांडं आपटायचं आणि मी जागी व्हायचे.

ते पाणी परसात जायचं तिथे आशालताबाईंनी केळ आणि अळू लावलं होतं. मी दळलेलं सगळं त्या केळीला मिळायचं. "तुझी केळ बघ कशी माजलीय," असं त्या मला सांगायच्या. मला केळही दिसत नव्हती. पण ऐकून बरं वाटायचं.

मग जनार्दनराव गेले. पावसाळा सरता सरता, दोन दिवसांच्या आजारात. त्या दिवसांत घरात खूप माणसं आली, खूप भांडी पडली, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दळत होते. नंतर एकदम सगळं थांबलं. शैलेश म्हणाला, "आई, आमच्याकडे चल." आशालताबाई म्हणाल्या, "बघू." सगळे गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडात जे आलं ते एका ताटाचं होतं. एका ताटाचं खरकटं किती असतं तुम्हाला ठाऊक आहे का? मूठभरही नसतं. मला त्या मुठीची फार कीव आली. पण पहिली पोळी आली. अख्खी. घरात पोळ्या दोनच होत्या, त्यातली एक माझी.

त्यानंतर त्या माझ्याशी जास्त बोलू लागल्या. गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसायच्या, सिंकखालचं दार उघडायच्या आणि बोलायच्या. शैलेशचा फोन आला नाही. खाचरात आंबेमोहर लावलाय, वास येतो का तुला? आज मीठ जास्त झालं. मी ऐकत राहायचे. मधेच कधीतरी म्हणायच्या, "कोंडाबाई असती तर म्हणाली असती, मीठ जास्त झालं तर पाणी वता." तिला बोलवावं असं त्यांच्या फार मनात होतं. पण जिला नको म्हटलं तिला आता कोणत्या तोंडानं हाक मारायची, असं त्यांना वाटायचं.

आषाढात त्यांना ताप आला. स्वयंपाकघरात दिवा लागला नाही, गॅस पेटला नाही, मी उपाशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, धो धो पावसात, मागच्या दाराशी कोणीतरी आलं. पायांचा चिखल पायरीला पुसल्याचा आवाज मी ऐकला. आत आशालताबाई खोकल्या. बाहेरचे पाय थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. मला वाटलं, मी स्वप्नच बघितलं.

गणपतीत शैलेश आला तेव्हा गॅसवर दूध जळून कोळसा झालं होतं. आशालताबाई ओसरीवर माळ ओढत बसल्या होत्या, त्यांना पत्ताच नाही. शैलेश चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "आई, दिवाळीला येऊ तेव्हा असं पुन्हा काही दिसलं ना, तर मी तुझं ऐकणार नाही. तू आमच्याकडे राहायचंस. हे घर वीकएंडला भाड्याने देता येईल, इथे सगळे देतात." आशालताबाई म्हणाल्या, "बरं."

त्या एका शब्दापायी मी दिवाळीपर्यंत झोपले नाही. आशालताबाईंना इथून जायचं नव्हतं. जनार्दनरावांनी लावलेला आंबा इथे होता, खाचरं इथे होती, सकाळचं धुकं इथे होतं. आणि मीही इथे होते. म्हणून मी ठरवलं की आपण काही झालं तरी अडायचं नाही. कांद्याची सालं आली, गिळली. गवारीच्या शिरा आल्या, गिळल्या. एकदा चमचा आला, तो मी अशा युक्तीने कडेला धरून ठेवला की त्यांना चिमट्याने काढता आला. आमचे दिवस चांगले चालले होते.

आणि मग वसुबारस आली.

तुम्हाला ठाऊक असेल, दिवाळीच्या त्या पहिल्या दिवशी गाय-वासराची पूजा करतात. आशालताबाईंनी मागच्या वर्षी मला कुंकवाचं बोट लावून वाटीभर नैवेद्य दिला होता. यंदा त्यांचा उत्साह दांडगा होता. दुसऱ्या दिवशी मुलगा, सून, नात येणार होते, घर लख्ख आवरलं होतं, चिवडा झाला होता, दूध उतू गेलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी निरांजन लावलं, पाटावर बसल्या, सिंकखालचं दार उघडलं आणि माझ्या अंगाला हळद लावली, कुंकू लावलं. त्या दिव्याचा उजेड माझ्यावर पडला तेव्हा मी इतकी मोठी झाले, मित्रांनो, की मला वाटलं आता मी या कपाटात मावणार नाही.

नैवेद्य त्यांनी परसातल्या केळीच्या पानावर वाढला होता. उडदाचे वडे, भात, गूळ. यंदा केळीला पहिल्यांदाच असं रुंद पान आलं होतं. गाईला नैवेद्य देतात तो पानासकट. पान काढून घ्यायचं नसतं, गाय तेही खाते. आशालताबाईंनी लहानपणापासून तेच पाहिलेलं. त्यांनी पानाची घडी केली, नैवेद्यासकट माझ्या तोंडात घातली, नळ सोडला, बटण दाबलं आणि हात जोडले.

वडे गेले. भात गेला. आणि पान माझ्या तबकडीला गुंडाळलं. केळीच्या पानाला दोरे असतात. एक तोडावा तर दुसरा आवळायचा. माझ्याच पाण्यावर वाढलेलं ते पान, त्याने माझा गळा धरला. मी हंबरले. जोर केला. आणखी जोर केला. पोटात काहीतरी तापलं, जळका वास सुटला.

आशालताबाईंनी बटण बंद केलं. लाटणं घालून तबकडी हलवून पाहिली. पाटावर बसून, गुडघा दाबत, माझ्या बुडाचं, अडल्यावर पुन्हा सुरू करायचं लाल बटण दाबून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. सिंकमध्ये पाणी तुंबून काठापर्यंत आलं होतं. शेवटी त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "असं नको करूस गं. उद्या शैलेश येतोय."

मी काय करणार होते? मी चक्की होते आणि माझी मोटार जळली होती.

दुसऱ्या दिवशी शैलेशने सिंक बघितलं. त्याच्या हातात एक मोठं खोकं होतं. गंमत बघा, धनत्रयोदशीला नवी वस्तू म्हणून त्याने नवीन चक्कीच आणली होती. त्याने खोकं खाली ठेवलं, बाही सरसावली आणि सिंकमध्ये हात घालून माझ्या तोंडातून पानाचा एक लांब दोरा ओढून काढला.

"आई, हे कसलं पान घातलंस?"

हेमलता म्हणाली, "जाऊ दे रे, सणाचा दिवस आहे." शैलेश म्हणाला, "ओके. नवीन बसवून टाकतो. पाहुणे येणार म्हटल्यावर सिंक चालू पाहिजे." पाहुणे म्हणजे भाडेकरू. आशालताबाईंना ते कळलं आणि मलाही कळलं.

तो मोबाइलवर व्हिडिओ लावून आडवा झाला. बापाच्याच जागी, बापासारखाच टॉर्च घेऊन. आधी भिंतीवरचा स्विच बंद केला, मग माझी वायर सोडवली, नळी सोडवली. मग मला दोन्ही हातांनी धरून मानेचं कडं फिरवलं आणि मी इतक्या वर्षांनी सुटले. माझं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं. तेव्हा टॉर्चचा उजेड माझ्या कपाळावर पडला. तो तसाच पडून बघत राहिला.

"आई, याला हळद-कुंकू लावलंय?"

"हो."

"का?"

"काल वसुबारस होती."

तो मला कुशीत घेऊन बाहेर आला, उठून बसला. "आई, ही मोटार आहे."

"मला ठाऊक आहे रे," आशालताबाई म्हणाल्या. "तुझे बाबा रोज तेच सांगायचे. वेड नाही लागलं मला. पण एकटीसाठी पोळी लाटायची आणि एकटीनंच खायची, हे नाही होत माझ्याच्यानं. आधी कुणाला तरी द्यावीशी वाटते. दारात गाय नाही, मग हिला देते."

शैलेशच्या हाताला माझं कुंकू लागलं होतं. तो त्याकडे बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणूनच म्हणतो ना आई. इथे बोलायला तुला या मोटारीशिवाय कोणी नाही."

मला फार वाईट वाटलं, कारण तो खरं बोलत होता.

पण नवी चक्की बसेना. ती माझ्याहून उंच होती, तिची नळी भिंतीतल्या नळीच्या खाली यायला लागली. पाणी काही वर चढत नाही. भिंत फोडून नळी खाली घ्यायला हवी होती, आणि ऐन दिवाळीत मिस्त्री कुठून मिळणार? पिरंगुटच्या माणसाने फोनवर सांगितलं, "भाऊबीज झाल्यावर बघू, साहेब." शैलेशने सिंकला साधी नळी लावून दिली, नवी चक्की खोक्यात घातली आणि मला भंगारात द्यायला मागच्या पायरीवर एका गोणपाटावर ठेवलं. खरकटं कुठे टाकायचं म्हणून आशालताबाईंनी न्हाणीघरामागची निळी बादली सरळ केली, धुतली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली. इतकी वर्षं जिच्याबद्दल ऐकलं ती ही बादली. आम्ही दोघी रात्रभर शेजारी होतो. मी तिला काय बोलणार?

नरकचतुर्दशीची सकाळ झाली आणि मी पहिल्यांदा दिवसाचा उजेड पाहिला. खोऱ्यात धुकं उतरलं होतं. भात कापून झालं होतं, पेंढ्याचा वास येत होता. माझं स्वप्न होतं तेच हे, नुसते रंग वेगळे होते. हिरवं कमी आणि पिवळं जास्त. मी म्हटलं, असू दे, इतकं बरोबर बघितलं हेच खूप झालं.

त्या धुक्यातून काहीतरी चालत आलं. तांबूस अंग, वाकडी शिंगं, ओलं नाक. ते केळीपाशी थांबलं, अळूपाशी थांबलं आणि सरळ येऊन बादलीत तोंड घातलं. वर आशालताबाईंनी सकाळची पहिली पोळी ठेवली होती. ती एका घासात गेली. तिच्या श्वासाची वाफ माझ्या पत्र्यावर आली आणि मला कोणी न सांगता कळलं की ही गाय आहे. आणि हेही कळलं की मी गाय नाही. मित्रांनो, मला दुःख व्हायला हवं होतं. पण मी तिचं खाणं बघत राहिले. मी आयुष्यभर खाल्लं, पण असं डोळे मिटून कधी खाल्लं नव्हतं.

"तांबे, ए तांबे, कुटं शिरलीस?" करत मागून एक बाई आली. हातात काठी, डोक्यावर पदर. बादली बघून ती जागच्या जागी थांबली. मागचं दार उघडलं. आशालताबाई दारात आल्या.

कोंडाबाई म्हणाली, "तुमच्या मशीनीचं पोट भरलं वाटतं."

"जळली ती," आशालताबाई म्हणाल्या. "कोंडाबाई, बसा ना. चहा टाकते."

"बसते. पर गाय आधी हाकलू द्या, समदी बादली रिकामी करंल."

"करू दे. तिचीच आहे."

कोंडाबाई पायरीवर बसली. तिने पाय पायरीला पुसले, चिखल नसतानाही. आणि मित्रांनो, तो आवाज मी ओळखला.

शैलेश अंगाला उटणं लावलेला, टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्याने नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, बरं झालं भेटलात. आईला आम्ही पुण्याला नेतोय. इथे एकटीकडे लक्ष द्यायला कोणी नाही."

"कोन न्हाई?" कोंडाबाई म्हणाली. "ह्यांच्या सैपाकघराची खिडकी वरनं दिसती. रोज सांजच्याला बघते म्या. दिवा लागला की म्हनते, हाय बाई बरी, आन मंग माजी चूल पेटवते. आखाडात दोन दिस दिवा लागला न्हाई, तवा आल्ते खाली. हितंच हुबी ऱ्हायले. आत खोकल्याचा आवाज आला, मंग गेले माघारी."

आशालताबाईंनी आणलेला चहाचा कप पायरीवर ठेवला. "आल्या होतात? मग हाक का नाही मारलीत?"

"कशी मारू? येऊ नका म्हनून सांगितलं हुतं न्हवं."

आशालताबाई तिथेच पायरीवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. कोंडाबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आता रडू नका सनाच्या दिसाला. च्या गार हुतोय." तांबूने बादली चाटून आडवी केली.

टॉवेल सावरत शैलेशही पायरीवर बसला. "मावशी, रोज सकाळी याल?"

"बादली ठेवली तर यीन. दार उघडलं न्हाई तर हाका मारीन. हाका मारूनबी उघडलं न्हाई तर तुमाला फोन. नातवाला लावाया सांगंन."

शैलेशने आईकडे बघितलं. "उन्हाळ्यापर्यंत बघू," तो म्हणाला. "पण गॅसवर काही ठेवलंस की ओसरीवर जायचं नाही."

"नाही जाणार," आशालताबाई म्हणाल्या. तो उन्हाळा येऊन गेला. कोणी काही विषय काढला नाही. नवी चक्की खोक्यासकट बाणेरला गेली आणि हेमलताच्या सिंकखाली बसली. ती माझी धाकटी बहीणच. तुमच्याही घरी तशी एखादी असेल तर तिला सांभाळा. केळीचं पान, कणसाचे केस, शेवग्याची चोथरी तिला घालू नका. ती सांगणार नाही, गिळत राहील. आणि घरात नवं काही आणाल तेव्हा खुशाल आणा, पण जुन्या वस्तूच्या निमित्ताने दारात कोण यायचं ते एकदा आठवून बघा. त्या माणसाला रस्त्यात गाठून नको म्हणू नका.

माझं काय झालं, ते राहिलंच. जाताना कोंडाबाईने मला उचलून बघितलं. "ह्ये वरचं भांडं झ्याक हाय. तांबूला मिठाला हुईल." शैलेशने माझी जळकी मोटार सोडवली, दोन्ही दात काढून टाकले. दुखलं नाही, म्हातारपणी दात जायचेच. उरली ती स्टीलची एक खोलगट वाटी. आता मी वरच्या वस्तीत गोठ्यात असते. माझ्यात खडामीठ असतं आणि तांबू येता-जाता मला चाटते. तिची जीभ खरखरीत आहे. इथून खाली स्वयंपाकघराची खिडकी दिसते आणि संध्याकाळी तिच्यात दिवा लागतो.

परवा पुन्हा वसुबारस झाली. आशालताबाई काठी टेकत, मधे मधे थांबत, कोंडाबाईचा हात धरून टेकडी चढून आल्या. त्यांनी तांबूच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, पानासकट नैवेद्य दिला. तांबूने पानही खाल्लं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांच्या बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. त्यांनी वाकून ते माझ्या काठाला लावलं.

"गोड मानून घे, बाई," त्या म्हणाल्या.

तांबू तोवर पान चघळत पाठ फिरवून उभी होती.